बर्फ वाजतंय काय?

१२ जानेवारी, टोकियो

उएनोतल्या हॉटेलची खोली एवढीशी आहे की बॅग उघडायची तर आधी आपण पलंगावर चढायचं. खिडकीतून दिसतं ते आकाश मात्र लख्ख निळं, एक ढग नाही. थंडी आहे, पण कोरडी. ओठ फुटलेत, स्वेटर काढताना अंधारात चटचट ठिणग्या उडतात. बर्फ बघायला एवढा लांब आलो आणि पहिल्या दिवशी ऊन खात बसलो.

सकाळी मोठी बॅग हॉटेलच्या काउंटरवर देऊन टाकली. ती आता मला थेट कानाझावात भेटेल, १८ तारखेला. ह्याला ‘ताक्क्युबिन’ म्हणतात. चिठ्ठीवर तारीख लिहायची, कुठल्या वेळेत पोचवायची त्या रकान्यावर खूण करायची, झालं. एस.टी.च्या टपावर टाकलेली ट्रंक प्रत्येक थांब्यावर खिडकीतून डोकं काढून बघणाऱ्या घरातला मी. पावती दोनदा खिशातून काढून बघितली.

रात्री आईला फोन केला. गगनबावड्यात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते.

“गार हाय काय लई?”

“आहे, पण बर्फ नाही इथं. उद्या जाणार बर्फाकडं.”

“बरं मला सांग, पडताना वाजतंय काय ते?”

“काय?”

“बर्फ रं. पाऊस वाजतोय तसं.”

निघण्याआधी महिनाभर लोक खर्च किती, फुजी बघणार का, एकटाच का, क्योतो कसं काय वगळलंस, हेच विचारत होते. (एकटाच, कारण बायको म्हणाली, “थंडीत कुडकुडायला पैसे देऊन मी येणार नाही.” क्योतो वगळलं, कारण रजा दहाच दिवसांची.) आईचा प्रश्न कुणाला सुचला नव्हता. तिला पाऊस कानानं कळतो. कौलांवरचा वेगळा, गोठ्याच्या पत्र्यावरचा वेगळा, केळीच्या पानावरचा वेगळा. अंथरुणातूनच सांगते, “आता उघडतोय बघ.” बघून सांगतो म्हणालो.

१३ जानेवारी, नोझावा ओनसेन

शिनकानसेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, दोन तासांच्या आत इइयामा. नागानोपर्यंत रुळाच्या कडेला नुसते बर्फाचे भुरके पट्टे होते, मला तर फसवल्यासारखंच वाटायला लागलं होतं. मग बोगदे सुरू झाले, आणि इइयामाला उतरलो तर गावच नाही. म्हणजे होतं, पण पांढऱ्याच्या आत कुठंतरी.

ह्या पट्ट्यातल्या बर्फाचं गणित मला शिकवावं लागलं नाही. हिवाळ्यात सायबेरियाकडून गार, कोरडा वारा सुटतो, जपानच्या समुद्रावरून येताना भरपूर ओल उचलतो, देशाच्या मधोमध उभ्या असलेल्या डोंगरांवर चढतो आणि सगळा माल तिथंच रिकामा करतो. पलीकडं टोकियोला पोचतं ते नुसतं कोरडं वारं आणि निळं आकाश. आमच्याकडं जून ते सप्टेंबर हेच चालतं की. गगनबावड्याला आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, आणि त्याच आठवड्यात आटपाडी-जतला टँकर चालू असतात. टोकियो म्हणजे ह्यांचं आटपाडी, एवढं कळल्यावर कालच्या उन्हावरचा राग गेला.

इथून जवळच, इइयामा मार्गावरच्या मोरिमियानोहारा ह्या छोट्या स्टेशनात १२ फेब्रुवारी १९४५ रोजी ७.८५ मीटर बर्फ साचला होता. जपानच्या रेल्वेत स्टेशनावर मोजलेला सर्वांत जास्त. आमचं कौलारू घर धाब्यासकट त्यात बुडून वर बोटभर दिसलं नसतं.

रात्री दहाला जॅकेट घालून रस्त्यावर उभा राहिलो. दिव्याखाली बर्फ पडत होता, कापूस पिंजल्यासारखा, संथ. कान देऊन ऐकलं. काही नाही. पाचेक मिनिटांनी स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू यायला लागलं तेव्हा आत गेलो.

१४ जानेवारी, नोझावा

स्कीचे बूट भाड्यानं घेतले. ह्या बुटात पाय घालणं म्हणजे पाटा-वरवंट्यात नडगी देणं. त्यात मी शहाणपणा करून दोन-दोन मोजे चढवलेले. शिकवणाऱ्यांनी बघितलं आणि न बोलता एक बोट वर केलं. एकच. दुसरा मोजा काढल्यावर जरा जीव आला.

शिकवणारे साठीच्या पुढचे, चेहरा उन्हानं आणि बर्फानं रापून पार चिंचोक्याच्या रंगाचा. त्यांना इंग्रजी पन्नास शब्द येत असेल, मला जपानी दहा. पण स्की शिकायला एकच शब्द पुरतो: ‘हा’. जपानी लिपीतलं एक अक्षर. दोन तिरप्या रेघा, वर जवळ, खाली फाकलेल्या. स्कीची टोकं जवळ आणि मागची बाजू बाहेर रेटली की पायाखाली तो ‘हा’ होतो आणि माणूस थांबतो. पाय समांतर राहिले की माणूस सुटतो. मी सुटलोच. “हा! हा! हा!” असं ओरडत ते माझ्यामागून येत होते, आणि खाली उभ्या लोकांना वाटलं असणार की म्हातारा ह्याला हसतोय.

दुपारनंतर जमायला लागलं. ‘हा’ ऐवजी मी मनात आमच्या घराचं छप्पर धरलं. आढ्याशी टोकं जुळलेली, पाखं दोन्हीकडं उतरलेली. छप्पर पसरट केलं की वेग कमी. ही युक्ती त्यांना सांगायला शब्द नव्हते, म्हणून हातानं छप्पर करून दाखवलं. त्यांनी मान डोलावली. काय समजले देव जाणे.

जपानला स्की शिकवलं ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातल्या थिओडोर फॉन लेर्ख ह्या अधिकाऱ्यानं. १२ जानेवारी १९११ ला, इथून डोंगरापलीकडच्या ताकादात, सैनिकांना. तो एकच लांब काठी घेऊन उतरायचा. गावातल्या स्की संग्रहालयात हे कळलं. १२ जानेवारी मला आजवर जिजाऊ जयंती म्हणून माहीत, आता ही आणखी एक भर.

संध्याकाळी सोतोयु. गावात अशी १३ सार्वजनिक न्हाणीघरं आहेत, गरम झऱ्यांवरची, सगळ्यांना फुकट. आळीतली घरं आळीपाळीनं ती घासतात, विजेचं बिलही तीच भरतात. आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मगच टाकीत उतरायचं, आणि कपडे एकही नाही. लाजेचं पहिलं मिनिट गेलं की पुढं काही वाटत नाही, कारण पाणी दुसरं काही वाटू देत नाही. पाऊल घातलं आणि ओरडत बाहेर आलो. कोपऱ्यात गळ्यापर्यंत बुडालेले एक आजोबा डोळे मिटून बसले होते. त्यांनी एक डोळा उघडला, हात लांबवून गार पाण्याचा नळ अर्ध्या मिनिटासाठी सोडला, माझ्या बाजूचं पाणी तळव्यानं ढवळलं, नळ बंद केला आणि पुन्हा डोळा मिटला. धाकट्या नातवाला न्हाऊ घालताना आजी बादलीत हात घालून विसणाचा अंदाज घेते, अगदी तसं.

१५ जानेवारी, नोझावा, रात्री फार उशिरा

कपड्यांना धुराचा वास आहे, तोंडाला साकेचा, म्हणजे इथल्या तांदळाच्या दारूचा. मी साके मागितली नव्हती, पण इथं आज नको म्हणता येत नाही.

आज दोसोजिनची जाळपोळ. दोसोजिन म्हणजे वेशीवरचा देव. गावकऱ्यांनी बीच नावाच्या झाडाच्या ओंडक्यांचं दोन मजल्यांहून उंच देऊळ बांधलेलं. पुरुषांना २५ आणि ४२ ही वर्षं जड जातात असं जपानात मानतात. तर गावातले ४२ चे पुरुष त्या देवळाच्या माथ्यावर चढून बसतात, २५ चे पायथ्याशी दोराला लोंबकळत पहारा देतात, आणि बाकीचं गाव पेटत्या मशाली घेऊन देऊळ पेटवायला धावून येतं. २५ वाले पाइनच्या फांद्यांनी आणि अंगानं आग विझवतात. हे नाटक नाही. मशाली खरोखर अंगावर बसतात, ठिणग्या केसात जातात, काजळीनं तोंडं ओळखू येत नाहीत. वरचे ४२ वाले गात असतात आणि खालच्यांना आणखी चिथावतात. शेवटी तह होतो, सगळे सुखरूप उतरतात आणि मग देऊळ पेटवून देतात.

मी ह्या वर्षी ४२ चा आहे. शेजारी उभ्या माणसाला बोटांनी चार आणि दोन करून दाखवलं, तर त्यानं माझ्या हातातला पेला काढून घेऊन काठोकाठ भरून परत दिला. आमच्याकडं साडेसाती आली की शनिवारी मारुतीला तेल घालतात, फार तर नारळ. ह्यांनी तिला रीतसर अंगावर घेतलीय. होळीत मी असंख्य वेळा बोंब मारलीय, पण होळीच्या डोक्यावर माणसं बसलेली पहिल्यांदा बघितली.

आईला आज फोन केला नाही. ह्या गोंधळात काय सांगणार की वाजतंय का म्हणून.

१६ जानेवारी, नोझावा

गोंडोल्यातून, म्हणजे तारेवरच्या पाळण्यातून, वर गेलो. झाडं म्हणजे नुसते पांढरे खांब. सोप्या वाटेनं उतरताना मध्येच धुकं आलं आणि थांबलो. मागं कुणी नाही, पुढं कुणी नाही. टोपडं डोक्यावर ओढलं तेव्हा ऐकू आलं.

वाजतो. अगदी बारीक. टोपड्याच्या नायलॉनवर कोरडा बर्फ पडतो तेव्हा सरसरतो, सुपातून भाताचं तूस सांडावं तसा. टोपडं काढलं की बंद, घातलं की सुरू. तीन-चारदा करून बघितलं. लांबून कुणी पाहत असता तर काळजीत पडला असता.

१७ जानेवारी, नागानो

पहाटे साडेचारला जाग आली, बस सकाळची होती. फोन खिडकीच्या बाहेरच्या फळीवर ठेवला आणि पाच मिनिटं रेकॉर्डिंग लावून पुन्हा पांघरुणात शिरलो. आईसाठी.

दुपारी झेनकोजी. सध्याचं मुख्य देऊळ १७०७ सालचं. मूळ मूर्ती कुणालाच दाखवत नाहीत. देवाच्या खालून एक भुयार जातं, त्यात काळामिट्ट अंधार, स्वतःचा हात दिसत नाही. उजव्या हातानं भिंत चाचपत जायचं आणि देवाच्या बरोबर खाली टांगलेली किल्ली हलवायची, की मुक्ती नक्की. माझ्या पुढच्या बाईंच्या हाताला ती लागली, खडखड वाजली. मला लागलीच नाही. भिंत संपली आणि एकदम उजेड. परत रांगेत उभं राहायला लाज वाटली.

बाहेर ओयाकी खाल्लं. कणकेच्या गोळ्यात नोझावानाची भाजी भरलेली, म्हणजे पुरणपोळीची जाडजूड, तिखटमिठाची मामेबहीण. वर भुरभुरायला सात जिन्नसांचं तिखट. दुकानदारीणबाईंनी हातानं खुणावलं, जपून, झणझणीत आहे. कोल्हापूर जिल्ह्याची लाज राखायची म्हणून चमचाभर घातलं. काही झालं नाही.

१८ जानेवारी, कानाझावा

बॅग खोलीत, भिंतीला टेकून, माझ्या आधी पोचलेली.

केनरोकुएन बागेत पाइनच्या झाडांना युकित्सुरी बांधलेत. बुंध्याशी उंच खांब रोवायचा, त्याच्या टोकापासून शेकडो दोर सोडायचे आणि एकेक फांदी एकेका दोराला अडकवायची, म्हणजे ओल्या बर्फाच्या वजनानं मोडत नाही. १ नोव्हेंबरलाच बांधायला सुरुवात करतात, बर्फाचा पत्ता नसताना. फोटोत ही झाडं शोभेची दिसतात, दोरांचे तंबू वगैरे. जवळ जाऊन मी गाठी बघत बसलो. मे महिना संपता संपता आमच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला वडील गवताच्या ताट्या बांधायचे, झडीनं भिंत विरघळू नये म्हणून. सुंभाची गाठ अशीच, दोन वेढे आणि शेंडा आत खुपसलेला. कडक ऊन असायचं, घामानं निथळायचे, आणि मी विचारायचो की पाऊस कुठाय. ते म्हणायचे, “येतोय.”

रात्री जेवायला बसलो आणि बाहेर कडाडलं. चक्क वीज. बर्फ पडतोय आणि ढग गडगडताहेत, हे मी आयुष्यात बघितलं नव्हतं. काउंटरमागचे काका हसून म्हणाले, “बुरी-ओकोशी.” फोनवर भाषांतर करून समजलं ते असं: बुरी मासा हिवाळ्यात चरबी धरून ह्या किनाऱ्याला येतो, आणि हा गडगडाट त्याला जागं करणारा. आमच्या नदीला पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात, तेव्हाही ढग असेच बोलतात. मी ताटातला बुरी संपवून आणखी एक मागवला.

इथली म्हण आहे: जेवणाचा डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. ही आमच्या गावात कुणी मराठीत सांगितली तर परदेशी आहे असं कुणाला वाटणार नाही.

२० जानेवारी, टोकियो

पुन्हा निळं आकाश, पुन्हा फुटलेले ओठ. नडग्यांवर दोन्हीकडं जांभळे पट्टे आहेत, चालताना कळतात. उद्या विमान.

संध्याकाळी आईला फोन लावला. बर्फ टोपड्यावर तूस सांडल्यासारखा वाजतो हे सांगितलं. “आणि टोपडं नसलं की?” नसलं की नाही, म्हणालो. मग १७ तारखेचं रेकॉर्डिंग पाठवलं. मी स्वतः ते अजून ऐकलं नव्हतं. दहा मिनिटांनी तिचाच फोन आला.

“काय ऐकू येतंय?” मी विचारलं.

“काहीच नाही बघ. लई वेळ काहीच नाही.”

“तेच ते.”

“आणि मग शेवटाला खरवडतंय ते कोण?”

“खरवडतंय?”

“लांबनं येतंय. खर्र, खर्र, मग थांबतंय, परत खर्र. एवढ्या पहाटं कोणतरी अंगण काढाय लागलंय, म्हातारं असंल. दम खात खात काढतंय.”

तिनं फोन ठेवल्यावर मी इयरफोन लावून ऐकलं. चौथ्या मिनिटाला होतं.