बावन्न वजा अडतीस, सव्वीस

शाळेत गणित शिकवत होते तेव्हा ५२ − ३८ = २६ हे उत्तर कितीतरी वह्यांत दिसायचं. मूल प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं: आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. उत्तर चुकीचं, पण मनाला येईल ते लिहिलेलं नाही. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली वजाबाकीतल्या अशा चुकांचा अभ्यास मांडला. त्यातल्या बऱ्याच चुका एखादी सदोष रीत इमानेइतबारे पाळल्यामुळे होतात, असं त्यांना आढळलं. म्हणून फुली मारून पुढे जाण्याआधी मी विचारायचे, "हे कसं काढलंस?"

पुढे डेटाच्या कामात आले. हाच प्रश्न तिथे किती मोलाचा ठरतो, ते एका फाईलने दाखवलं.

एका कंपनीकडे आलेल्या ग्राहकांच्या तक्रारी, जानेवारी ते जून. फाईल आमच्या हाती आली जुलैच्या सुरुवातीला. तक्रारी वाढताहेत का, एवढंच सांगायचं होतं.

माझा तरुण सहकारी वैतागला होता. "मॅडम, डेटा फार खराब आहे. निम्म्याहून जास्त ओळींत तारीखच नाही. काही तारखा तर ऑगस्ट-डिसेंबरच्या आहेत, अजून उजाडायच्या! त्या सगळ्या ओळी काढल्या. उरलेल्यांचा आलेख सपाट येतोय, म्हणजे वाढ नाही."

मी म्हटलं, "काढलेल्या ओळी परत आण. मूळ फाईलमध्ये तिथे काय लिहिलंय ते बघू."

मूळ फाईलमध्ये एकही तारीख रिकामी नव्हती. आमच्या प्रणालीत रिकाम्या झालेल्या ओळी मी त्याला एकाखाली एक वाचायला सांगितल्या. १७/०३, २४/०५, १३/०१... मला कारण दिसलं होतं, पण मी गप्प राहिले. शिकणाऱ्याच्या तोंडचा शोध आपण हिरावून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "बारा किंवा त्याच्या आतला दिवस एकदाही आला नाही."

पुढचं त्यानेच उलगडलं. फाईलमध्ये आधी दिवस, मग महिना. आमची प्रणाली आधी महिना वाचत होती. ५ मार्चचा झाला ३ मे. आणि सतरावा महिना नसतोच, म्हणून १७ मार्च रिकामा. त्या सहा महिन्यांच्या १८१ दिवसांपैकी १०९ असे गायब झालेले. १ जानेवारी, २ फेब्रुवारी असे दिवस आणि महिना सारखाच असलेले सहा दिवस तेवढे योगायोगाने बरोबर.

पण सगळ्यात धोकादायक होता तो सपाट आलेख. अदलाबदलीनंतर 'मार्च' म्हणून जे दिसत होतं, ते खरं तर सहाही महिन्यांच्या ३ तारखेच्या तक्रारी एकत्र केलेलं होतं. प्रत्येक 'महिन्यात' सहाही खऱ्या महिन्यांचा एकेक दिवस. मग वाढ दिसणार कुठून? आणि गाळलेल्या ओळींमुळे अहवाल वरवर अगदी स्वच्छ दिसला असता.

तारखा सुधारल्यावर ताळा करायचा होता. तक्रारींना आल्या क्रमाने अनुक्रमांक दिलेले असतात. आधी ते क्रमांक चढत असताना तारखा मागे-पुढे उड्या मारत होत्या. आता दोन्ही एका चालीने वर गेले. सहकाऱ्याने आलेख पुन्हा काढला. एप्रिलपासून तक्रारी स्पष्टपणे वाढत होत्या.

कंपनीच्या लोकांना हे दाखवताना "समजलं ना?" असं मी विचारलं नाही. वर्गात त्याला "हो" हेच उत्तर मिळतं, बैठकीतही. त्याऐवजी तक्रार विभागाच्या प्रमुखांना म्हटलं, "तुमच्या टीमला हे तुम्ही कसं सांगाल?" त्या सांगू लागल्या आणि मध्येच थांबल्या. "वाढल्या म्हणजे तक्रारी वाढल्या, की ग्राहकच वाढले?"

अगदी योग्य प्रश्न होता, आणि आमच्या फाईलमध्ये त्याचं उत्तर नव्हतं. ग्राहकसंख्येची महिनावार फाईल त्यांनी त्याच दुपारी पाठवायला सांगितली. सहकाऱ्याने लगेच जोडलं, "तारखा वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने द्याल का?"