आईच्या दातावरची रेघ

"लहानपणी मोठं आजारपण झालं होतं का हो, मावशी?"

बेळगावात खडे बाजारजवळच्या दातांच्या डॉक्टरांनी आरसा आईच्या हातात दिला. पुढच्या दातावर आडवी, बारीक खाच. मी इतकी वर्षं तो दात बघतोय, खाच कधी दिसलीच नाही.

आई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "आजारपण न्हाई वो. बाहत्तरचा दुष्काळ. तवा मी तीन वर्साची, जतला."

आजी तिला मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी पाण्यात भिजवून भरवायची म्हणे.

दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं टणक आवरण, घडत असताना उपासमार झाली किंवा जोराचा ताप आला, की ते घडवणाऱ्या पेशी मंदावतात आणि तिथे खाच राहते. हाड मोडलं तर जुळतं, एनॅमल पुन्हा भरून येत नाही. पुणे जिल्ह्यात इनामगावला तीन हजार वर्षांपूर्वीची लेकरं घराच्या जमिनीखाली, मडक्यांत पुरलेली सापडली. त्यांच्याही दातांवर अभ्यासकांना अशा खुणा दिसल्या. त्या लेकरांचं नाव, भाषा काहीच उरलं नाही, पण सोसलेलं उरलं.

आणखी एक. लहानपणी ज्या मातीतलं अन्नपाणी पोटात गेलं, तिथल्या खडकातलं स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य दातात कायमचं बसतं. हाडं मात्र वर्षानुवर्षं बदलत राहतात. म्हणजे आईचे दात जतचे आणि हाडं आता बेळगावची.

घरी येताना रिक्षात ती सारखी त्या दातावरून जीभ फिरवत होती.

तुमच्या घरात बाहत्तर कुणाला आठवतं? विचारलंय कधी?