कुकडीच्या उताराचा आलेख : पूर ते निघोज टप्पा पूर्ण

नद्यांचे मार्ग नकाशावर आणि प्रत्यक्ष काठाने तपासण्याची आवड असणाऱ्यांसाठी कुकडी नदीच्या कामाची आजवरची प्रगती येथे मांडत आहे. जुन्नर तालुक्यातील पूर या गावाजवळच्या उगमापासून निघोजच्या रांजणखळग्यांपर्यंत (कातळात कोरल्या गेलेल्या खोल खड्ड्यांपर्यंत) उताराचा आलेख, म्हणजे उगमापासूनच्या अंतरानुसार पात्राची उंची दाखवणारी रेषा, तयार झाला आहे, आणि पात्रात कातळ कोठे उघडा पडतो व गाळ कोठे साचलेला आहे, हे त्यावर वेगवेगळ्या रंगांनी भरून झाले आहे. निघोजच्या खाली घोड नदीच्या संगमापर्यंतचा टप्पा अजून बाकी आहे.

पायाभूत नकाशे म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० प्रमाणाची पत्रके वापरली. कुकडी ४७ ई, ४७ आय आणि ४७ जे या तीन चौकटींत विभागली गेली आहे, त्यामुळे पत्रके जोडण्यातच बराच वेळ गेला. या पत्रकांवर समोच्च रेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) २० मीटरच्या अंतराने येतात. जुन्नरच्या पूर्वेला नदीचा उतार इतका मंद आहे की लागोपाठच्या दोन रेषांच्या दरम्यान पात्र कित्येक किलोमीटर वाहते आणि मधले लहान उंचवटे, उड्या (पात्र एकदम खाली उतरते त्या जागा) व डोह आलेखातून गळून पडतात. त्यांची भर घालण्यासाठी अवकाशातून मोजलेल्या उंचीची माहिती क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत घेतली. फेब्रुवारी २००० मधील शटल अंतराळयानाच्या मोहिमेची ही माहिती सहज मिळते आणि सर्वजण तीच वापरतात. परंतु माणिकडोह आणि येडगाव ही दोन्ही धरणे त्या वेळी उभी होती, त्यामुळे जलाशयांच्या जागी ती पाण्याचा पृष्ठभाग दाखवते, नदीचा तळ दाखवत नाही. आलेखात तेथे दोन सपाट पायऱ्या दिसतात आणि नवख्याला त्या नैसर्गिक वाटू शकतात. बुडालेल्या पात्राचा उतार काढायचा असेल, तर धरणांपूर्वीची एक इंचास एक मैल प्रमाणाची जुनी पत्रकेच पाहावी लागतात आणि त्यांवरील फुटांतील उंची मीटरमध्ये आणावी लागते. काम कंटाळवाणे आहे, पण त्याशिवाय आलेख खरा होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आता नदीविषयी. पूर येथील कुकडेश्वराच्या मंदिराजवळ कुकडीचा उगम मानला जातो. नाणेघाटाची कड येथून फार दूर नाही. त्या कडेवरून पश्चिमेला पडलेले पाणी उल्हास खोऱ्यात जाते आणि सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या अरबी समुद्राला मिळते. पूर्वेला पडलेले पाणी कुकडी, घोड, भीमा आणि कृष्णा असा प्रवास करून बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. पश्चिमेकडे कडा एकदम तुटलेला आहे, मात्र पूर्वेकडे नदी जवळजवळ लगेचच एका रुंद, सपाट तळाच्या खोऱ्यात उतरते. चावंडसारखे किल्ले दोन्ही अंगांना उंच उभे असताना मधल्या तळातून वाहणारा ओहोळ त्या खोऱ्याच्या मानाने फारच लहान वाटतो. जुन्नरपाशी पात्र सातशे मीटरच्या किंचित खाली येते आणि शिरूरच्या परिसरात ते साडेपाचशे मीटरच्या आसपास असते. म्हणजे सह्याद्रीतून निघालेली नदी असूनही तिच्या उतारात नाट्य फारसे नाही. जे आहे ते निघोजला एकवटलेले आहे.

पावसाचा फरक मात्र तीव्र आहे. घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर शिरूरकडे तो पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. भातखाचरे संपून ज्वारी-बाजरीची आणि आता पाण्यामुळे उसाची शेते सुरू होतात, तो बदल काठाने चालताना स्पष्ट जाणवतो. उसामुळे बिबट्याचा वावर नदीकाठीही आहे, म्हणून सकाळी उजाडल्याखेरीज आणि एकट्याने काठाने जाऊ नये.

माणिकडोहाखाली नदी जुन्नर आणि ओझर करत येडगावच्या जलाशयात येते आणि माळशेजकडून आलेली पुष्पावतीही तिला तेथेच मिळते. कुकडी प्रकल्पात पाच धरणे आहेत : माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे. यांपैकी कुकडीवर पहिली दोनच आहेत, पण डिंभ्याचे पाणीसुद्धा कालव्याने येडगावात येते आणि तेथून डाव्या कालव्याने पारनेर, श्रीगोंदा, कर्जत व करमाळ्याकडे जाते. त्यामुळे येडगावच्या खाली पात्रात किती पाणी असेल, हे पावसाळा वगळता आवर्तनावर, म्हणजे धरणातून ठरावीक काळाने सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर, ठरते. पात्राचे निरीक्षण करू इच्छिणाऱ्याने पंचांगापेक्षा आवर्तनाच्या बातम्यांकडे लक्ष द्यावे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) बसवलेले असले, तर कातळाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि लांबून सर्वत्र एकसारखे शांत पाणी दिसते.

बोरी गावाजवळ थांबण्यास पुरेसे कारण आहे. येथे नदीने आपल्याच जुन्या गाळात खोल घळी पाडल्या आहेत आणि त्या पिवळसर, चुनखडीच्या गोट्यांनी भरलेल्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर आढळतो. दख्खनचा बेसाल्ट (लाव्हा थंड होऊन बनलेला काळा कातळ) सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा असल्याने ही राख स्थानिक उद्रेकाची असणे शक्य नाही. तिच्यातील सूक्ष्म काचकणांची रासायनिक घडण सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाशी जुळते, म्हणजे ती तीन हजार किलोमीटरहून अधिक अंतरावरून आलेली आहे. या थराशी संबंधित गोटाळ गाळात अश्मयुगीन हत्यारे सापडल्याने त्याच्या वयाला मोठे महत्त्व आले आणि वेगवेगळ्या पद्धतींनी ते १४ लाख वर्षांपासून ७५ हजार वर्षांपर्यंत काढले गेले. आपल्या आलेखाच्या दृष्टीने उपयोग असा की ज्या गाळावर आज शेती आहे तो भरण्याचा काळ संपून नदी पुन्हा खाली कापू लागली आहे, हे येथील घळींच्या भिंतींत उघड दिसते. भिंती ठिसूळ आहेत. कडेवर उभे राहू नये, आणि राख किंवा दगड पिशवीत घालून नेऊ नयेत.

निघोज आणि टाकळी हाजी यांच्या मधला कातळाचा टप्पा मोजण्यासच सर्वाधिक वेळ लागला. येथे कुकडी पुणे आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांची सीमा आहे व दोन्ही थड्यांवर मळगंगादेवीची मंदिरे आहेत. वर रुंद आणि सुस्त असलेले पात्र येथे अचानक अरुंद घळईत शिरते. भोवऱ्यात सापडलेले गोटे कातळाच्या कमकुवत जागी फिरत राहतात आणि जात्यासारखे घासून खळगा खोल करत नेतात. शेजारचे दोन खळगे रुंदावत एकमेकांत मिसळले की घळईची भिंत तयार होते. भेट देणारे लोक सर्वांत खोल कुंडाभोवती गर्दी करतात. मला मात्र वरच्या कातळावरचे वीतभर रुंदीचे, अर्धवट राहिलेले खळगे अधिक बोलके वाटतात, कारण त्यांची रांग बेसाल्टमधील सांध्यांच्या (नैसर्गिक भेगांच्या) दिशेने जाते आणि घळईचा मार्ग कोणी आखला, हे तेथे वाचता येते. खोली मोजण्यासाठी ओळंबा आणि गाठी मारलेली दोरी पुरेशी होते. मोजताना खळग्याच्या तळाशी गोटे आहेत की चिखल, याचीही नोंद घ्यावी : गोटे असतील तर मोठ्या पुरात तो खळगा अजून कोरला जाऊ शकतो, चिखल बसला असेल तर तेथील काम निदान सध्या थांबले आहे. इतक्या मोठ्या खळग्यांना लागणारे पूर धरणांमुळे विरळ झाले असणार, असे मी मानतो, आणि कडेच्या खळग्यांतील चिखल त्याला पुष्टी देतो.

उरलेल्या टप्प्यात निघोजच्या उडीखाली उतार किती अंतरात पूर्ववत होतो, हे पाहायचे आहे. ती उडी हळूहळू उगमाच्या दिशेने सरकत असेल, तर तिच्या खालच्या बाजूला दोन्ही थड्यांवर पूर्वीच्या तळाचे कातळ उंचावर शिल्लक राहिलेले दिसले पाहिजेत. उपग्रहचित्रात तशा दोन-तीन जागा हेरून ठेवल्या आहेत. बर्गे काढलेले असतील आणि आवर्तन बंद असेल असा मे महिन्याच्या अखेरचा काळ या मोजणीसाठी निवडला आहे. त्या वेळी संगमाकडून वर चालत येत दोन्ही थड्यांच्या उंची एकाच दिवशी घेतल्या जातील.