तुम्ही विचारलंत म्हणून : विजेवर चालणारं गाणं

मी नाशिकला गिटार शिकवते. मुलं तारा जुळवत असतात तेव्हा स्पीकरवर बऱ्याचदा 'ऑस्प्रे व्ही' लावलेलं असतं. हा पॅलेस्टाइनमधल्या गाझाचा बँड. २०१५ मध्ये राजी अल-जारू आणि त्याच्या साथीदारांनी सुरू केलेला. गाझातला पहिला रॉक बँड म्हणून त्याला ओळखतात. गाणी इंग्रजीत, बाहेरच्या जगाला थेट कळावीत म्हणून. मुलांना न्यायला आलेले पालक दारात थांबून ऐकतात आणि बँड कुठला ते कळलं की विचारतात, "मॅडम, तिथे बॉम्ब पडतात, मग या लोकांना गाणं सुचतं तरी कसं?" कुणाच्या आवाजात काळजी असते, कुणाच्या थोडा राग. दारात उभ्या उभ्या मला ते नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

गाणं सुचतं याचं मला नवल नाही. दुःखात माणसाला सुचतंच. मला नवल वाटतं ते वाजवण्याचं. इलेक्ट्रिक गिटारची तार हलली की तिच्याखाली बसवलेल्या पिकअपच्या चुंबकाभोवतीच्या गुंडाळीत अगदी बारीकशी वीज तयार होते. ॲम्प्लिफायर ती वाढवतो, तेव्हा कुठे आवाज येतो. प्लग काढला की हातात उरते फक्त किणकिण. बासरीवाल्याचं अंधारात अडत नाही, रॉक बँडचं अडतं.

मी जळगाव जिल्ह्यात वाढले. २००६-०७ च्या सुमारास आमच्याकडे दहा-दहा तास लोडशेडिंग असायचं. वीज आली की घरात आधी मोटार, मग गिरणी, मग मोबाइलचं चार्जिंग, आणि सगळ्यात शेवटी माझा छोटा ॲम्प. तेवढ्यात झोपायची वेळ व्हायची. पण रात्री आभाळाकडे कान लावून पडावं लागत नव्हतं, म्हणून माझ्या त्या दिवसांची गाझाशी तुलना मी कधी करणार नाही. विजेची वाट बघत मांडीवर गिटार घेऊन बसणं मात्र मला आतून ठाऊक आहे.

गाझा म्हणजे जेमतेम ३६५ चौरस किलोमीटरची पट्टी. तिथल्या एकुलत्या एक वीज केंद्रावर २००६ मध्ये इस्रायलने बॉम्ब टाकले. २००७ मध्ये हमासने सत्ता घेतली आणि नाकेबंदी आवळली गेली. 'आठ तास चालू, आठ तास बंद' हे तिथलं चांगल्या दिवसांचं वेळापत्रक. २०१७ मध्ये पॅलेस्टाइनच्या दुसऱ्या भागातल्या, वेस्ट बँकमधल्या रामल्लाहून चालणाऱ्या पॅलेस्टिनी प्रशासनाचं हमासशी भांडण विकोपाला गेलं, त्यांनी गाझाच्या विजेचे पैसे कमी केले, इस्रायलने पुरवठा घटवला, आणि लोकांच्या वाट्याला दिवसाचे चारेक तास उरले. ऑस्प्रे व्ही हा बँड जुळला तो या वर्षांत. फ्रिज, पाण्याची मोटार आणि ड्रमरचा माइक यांच्यात ते चार तास वाटायचे होते.

वाद्यांचंही तसंच. नाकेबंदीच्या पहिल्या काही वर्षांत गाझात काय नेता येत नाही याची यादी 'गिशा' या इस्रायलमधल्याच मानवी हक्क संस्थेने लोकांसमोर आणली. त्यात धने, जिरे, आलं, वेलची, जायफळ होतं, आणि वाद्यंही होती. २०१० मध्ये ते नियम सैल झाले. पण मसाल्याच्या डब्यावर आणि तंतुवाद्यावर एकाच कागदाने बंदी यावी, हे वाचून मी त्या दिवशी क्लास लवकर सोडला होता. आतूनही वाट मोकळी नव्हती. हमासच्या राजवटीत स्त्री-पुरुष एकत्र बसतील, मोठ्याने वाजेल अशा कार्यक्रमांकडे संशयाने बघितलं जायचं. आणि रंगमंच तरी किती होते? गाझा शहरातलं सईद अल-मिशाल सांस्कृतिक केंद्र, थिएटरसकट, ९ ऑगस्ट २०१८ रोजी हवाई हल्ल्यात जमीनदोस्त झालं. हमास ती इमारत वापरत होती, असं इस्रायली सैन्याचं म्हणणं. गाणाऱ्यांच्या दृष्टीने एक स्टेज गेलं.

मागच्या पिढीतली एक गोष्ट मला फार जवळची आहे. डिसेंबर १९८७ मध्ये पहिला इंतिफादा, म्हणजे इस्रायलच्या ताब्याविरुद्धचा पॅलेस्टिनी उठाव, पेटला. जेरुसलेममधल्या रियाद अव्वादने आठवड्याभराने बहिणींना घेऊन दिवाणखान्यात एक कॅसेट रेकॉर्ड केली. तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर, उपकरणं त्याने स्वतःच जोडली होती. तीन हजार प्रती निघाल्या, त्यातल्या बहुतेक सैन्याने उचलून नेल्या आणि रियादला अटक झाली. वेस्ट बँकमधल्या जेनिन शहरात एका कॅसेटच्या दुकानात पस्तीसेक वर्षांनी त्यातली एक सापडली आणि २०२२ मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली. सोल्डरिंगचा वास ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या ध्वनिमुद्रणात ते हात ऐकू येतात.

रागाने विचारणाऱ्यांनाही उत्तर द्यायला हवं. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसं मारली, अडीचशेच्या आसपास पळवून नेली. त्यातल्या कित्येकांना एका संगीत महोत्सवात गाठलं होतं. मी संगीत शिकवते, ते विसरणं मला शक्य नाही. त्यानंतर गाझात हजारोंनी माणसं मेली, त्यांत मुलं किती. तेही मला विसरता येत नाही. एका घरातल्या रडण्यासाठी दुसऱ्या घराचं रडणं दाबायचं, हे मला जमणार नाही.

त्या ऑक्टोबरात वीज केंद्र बंद पडलं. होता तेवढा तासांचा हिशेबही संपला. ॲम्प, माइक, रेकॉर्डिंग सगळं मागे पडलं. आणि तरी गाझातून जे एक ध्वनिचित्रण मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलं, ते त्यानंतरचं आहे.

गाझाच्या आभाळात ड्रोन सतत घोंघावतात. लोक त्या आवाजाला 'झनाना' म्हणतात. अहमद अबू अम्शा हे संगीतशिक्षक, स्वतःच पुन्हा पुन्हा विस्थापित झालेले, तंबूंमधल्या मुलांना गाणं शिकवतात. मुलांना तो आवाज छळायचा, सूर लागू द्यायचा नाही. मग त्यांनी त्याचीच पट्टी धरली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांचं एक गाणं सगळीकडे पोहोचलं : वर ड्रोनची घरघर, आणि खाली मुलं त्याच सुरावर एक जुनं लोकगीत गाताहेत.

आपण तानपुरा लावतो तो याचसाठी. षड्ज मागे अखंड चालू राहिला की गळा भरकटत नाही. त्या मुलांचा तानपुरा वरून फिरतो आहे.

मागच्या गुरुवारी ते ध्वनिचित्रण मी क्लासमध्ये लावलं. काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं की मागे चालू असलेला सूर गिटारवर शोधा. आठ मुलं होती. एकेक जण तारेवर बोट सरकवत राहिला. सगळ्यात लहान, नऊ वर्षांच्या मुलीला आधी सापडला. तिने तो वाजवला, मान वर करून विचारलं, "मॅडम, हे कुठलं वाद्य आहे?"

मी तिला सांगितलं. तिने तार लगेच हाताने दाबून बंद केली. मग थोड्या वेळाने पुन्हा छेडली, आणि मुलांचं गाणं संपेपर्यंत छेडत राहिली.