तुम्ही विचारलंत म्हणून: रोज तेच मोतीबिंदू, कंटाळा नाही येत?

मे महिन्यात मुंबईची मंडळी गावी आली की कुठल्या ना कुठल्या लग्नात, पूजेत हा प्रश्न येतोच. मी डोळ्यांची सर्जन म्हटल्यावर आधी स्वतःच्या चष्म्याचा नंबर सांगतात आणि मग, "रोज तेच तेच मोतीबिंदू काढायचे, कंटाळा नाही येत गं? आणि एवढी शिकलीस तर मुंबईतच का नाही राहिलीस?" आपुलकीनेच विचारतात, पण पंगतीत बसून दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही ते, म्हणून आज निवांत लिहिते.

पहिलं म्हणजे तेच तेच नसतं हो. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं आपलंच भिंग गढूळ होतं, ते एका पातळ पिशवीत असतं, त्या पिशवीला पुढून साधारण ५ मिलिमीटरचं गोल भोक पाडायचं, गढूळ भिंग बाहेर काढायचं आणि त्याच पिशवीत नवीन लेन्स बसवायची. सगळे याला लेझर म्हणतात पण फेकोच्या, म्हणजे हे भिंग फोडून काढायच्या, मशीनमध्ये लेझर नसतं, अल्ट्रासाऊंड असतो, सुईचं टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरतं आणि भिंगाचा चुरा करून ओढून घेतं. आता आपल्याकडे काय होतं, "पिकू दे, मग काढू" म्हणत लोक वर्षानुवर्षं थांबतात. मग ते भिंग तपकिरी आणि सुपारीसारखं टणक झालेलं असतं, ते फेकोने फोडत बसलं तर बुबुळाच्या आतल्या पेशी दुखावतात आणि त्या पेशी पुन्हा येत नाहीत. अशा वेळी मी सरळ ६ मिलिमीटरची वाट करून भिंग अख्खं बाहेर काढते, तेही बिनटाक्याचंच. म्हणजे मशीन दारात असूनही कधी वापरायचं नाही हे प्रत्येक डोळ्याला नव्याने ठरवावं लागतं.

आणि त्या पिशवीचा मागचा पापुद्रा! त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. एमएस करताना दुसऱ्या वर्षाला माझ्या हातून तो फाटला, आतली जेली पुढे आली, सरांनी काही न बोलता मला उठवलं आणि स्वतः बसून सगळं निस्तरलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तर त्या आजी माझाच हात धरून आशीर्वाद द्यायला लागल्या. मी त्यांना बसवून काय झालं ते सगळं सांगितलं. नजर आली त्यांना, पण कित्येक आठवडे गेले. आजही ऑपरेशनमध्ये तो टप्पा आला की मी बोलायची थांबते, आमच्या सिस्टरना ते इतकं माहीत झालंय की त्यासुद्धा ट्रे हलवत नाहीत. कंटाळा यायला जागाच कुठे आहे त्यात.

मुंबईचं म्हणाल तर तिथे हे काम करणारे पुष्कळ आहेत. इथल्या म्हाताऱ्या माणसाला एका डोळ्यासाठी एसटीने तालुक्याला यायचं तरी बरोबर कोण येणार हा प्रश्न असतो.

आमच्या मच्छीमारांचंच घ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, खरं तर ऑपरेशनला याहून मोकळा वेळ नाही. पण घरचे म्हणतात पावसात डोळा खराब होतो, थंडीत बघू. आणि थंडीत होडी समुद्रात! मी दर जूनला तेच समजावते, की ऑपरेशन थिएटर आतून कोरडं आणि स्वच्छच असतं, तुम्ही फक्त काही दिवस डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका आणि थेंब वेळेवर घाला.

गेल्या जुलैत एक काका असेच कसेबसे तयार झाले. एक डोळा केला. आठवड्याने तपासायला आले ते खुर्चीत बसायच्या आधीच, "गो बाय, माझी होडी येवढी निळी आसा?"

पुतण्याने ती गेल्या वर्षी रंगवली होती आणि काका वर्षभर तिला हिरवट-मळकट समजून चालले होते. भिंग पिवळं-तपकिरी होत जातं तसा निळा रंग अडतो, पण इतकं हळूहळू की माणसाला पत्ताच लागत नाही. पट्टी सुटल्यावर ते भर पावसात छत्री धरून होडीपाशी गेले, वरचे झाप उचलले, आणि एकदा हा डोळा झाकून एकदा तो झाकून बघत राहिले. जुन्या डोळ्याने मळकट, नव्याने निळी. मला सांगताना माझ्यासमोर पुन्हा तसंच करून दाखवलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून.

मग म्हणाले, "दुसरो डोळो कधी करतस? नारळी पुनवेआधी कर."

मी डायरी उघडली.