जेटिंगवाल्याने पाइप खालून का घातला

तुंबलेलं ड्रेनेज नुसत्या प्रेशरने मोकळं होतं, असं मानणारे आमच्या सोसायटीत बहुमतात आहेत. जेटिंगची, म्हणजे जोरदार पाण्याच्या झोताने पाइप धुण्याची, कोटेशनं मागवली तेव्हा मीटिंगमध्ये जो तो एकच विचारत होता, "प्रेशर किती देतो?" दोनशे बारवाला (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) दीडशेवाल्यापेक्षा भारी, विषय संपला. सेक्रेटरी मी असले तरी आयुष्य नववी-दहावीला विज्ञान शिकवण्यात गेलंय. त्यामुळे मी विचारत होते, "मिनिटाला लिटर किती?" त्यावर सगळे माझ्याकडे, बाई आता तास घेणार, अशा नजरेने बघायचे. तो तास तेव्हा राहिला, तो आता इथे घेते.

आधी आमच्या लाइनीबद्दल. इमारत पुण्यात कर्वेनगरात, 1987 सालची, तीन मजल्यांची. उभे पाइप पूर्वी बिडाचे होते, ते बदलून पीव्हीसीचे केले. जमिनीखालची लाइन मात्र मूळचीच आहे. सहा इंची, चिनीमातीच्या पाइपांची, सांधे सिमेंटचे. स्वयंपाकघरांचं पाणी मागच्या बोळात उतरतं, तिथून पार्किंगखालून चेंबरमागून चेंबर घेत रस्त्यावरच्या मेन लाइनला जातं. दिवाळी संपली आणि थंडी पडली की ही लाइन तुंबते. तिसऱ्या मजल्यावर कुणी वॉशिंग मशीन लावलं की तळमजल्यावरच्या काकूंच्या मोरीत फेस वर येतो. काकू मग मोरीच्या जाळीवर पाटा ठेवतात आणि मला फोन करतात.

दिवाळीनंतरच का? चकल्या, शेव, अनारसे तळून उरलेलं तेल, तुपाचे डबे धुतलेलं पाणी, डालड्याची कढई, सगळं सिंकमध्ये. तूप आणि वनस्पती तूप साध्या पुण्याच्या हवेतही गोठतं, मग नोव्हेंबरात जमिनीखालच्या गार पाइपात त्याचं काय होणार? पण नुसतं गोठलेलं तूप असतं तर बादलीभर गरम पाण्याने काम झालं असतं. खरी गोम आमच्या बोअरवेलच्या पाण्यात आहे. ते दुष्फेन म्हणजे हार्ड पाणी, कॅल्शियमने भरलेलं. तेलातली मेदाम्लं आणि हे कॅल्शियम एकत्र आलं की पाण्यात न विरघळणारा साबण तयार होतो. दहावीच्या मुलांना परीक्षानळीत दाखवतो तो पांढरा साका, तोच. पाइपाच्या आतून तो थरावर थर चढत जातो, त्यात भाताची शितं, चहाचा चोथा, भांड्यांच्या पावडरीचा गाळ अडकतो आणि कालांतराने हे प्रकरण दगडासारखं कडक होतं. लंडनला व्हाइटचॅपल भागात 2017 मध्ये असला 130 टनांचा आणि 250 मीटर लांबीचा गोळा गटारात सापडला होता. त्याचा तुकडा तिथल्या म्युझियममध्ये लोकांना बघायलाही ठेवला. आमचा तेवढा मोठा नव्हता, पण जात तीच.

इथे एक सांगून टाकते. मीटिंगमध्ये दरवेळी खापर भांडी घासायला येणाऱ्या बायकांवर फुटतं. "त्याच सगळं खरकटं ओततात." अहो, सिंकला साधी जाळी तुम्ही बसवलेली नाही, तळलेल्या तेलाला वेगळी बरणी तुम्ही ठेवलेली नाही. त्या ओतणार कुठे?

आजवर आम्ही दोन उपाय करत आलो. पहिला कामट्यांचा. बांबूच्या लांब कामट्या एकमेकींना बांधून चेंबरमधून सारायच्या, पुढेमागे करायच्या, पाणी सुटलं की पैसे द्यायचे. स्प्रिंगवालाही थोड्या फरकाने हेच करतो. शहाळ्याला स्ट्रॉसाठी भोक पाडावं तसं त्या थरातून एक भोक पडतं. पाणी जातं, पण थर जिथल्या तिथे. थोड्या दिवसांत भोक पुन्हा बुजतं.

दुसरा उपाय कॉस्टिक सोडा. याच्यावर माझा जुना राग आहे. कॉस्टिक पाण्यात पडला की उष्णता बाहेर पडते, आणि वरून कुणी उकळतं पाणी ओतलं तर ते उसळून तोंडावर येतं. पाइप पूर्ण तुंबलेला असेल तर कॉस्टिक अडथळ्यापर्यंत नीट पोचतही नाही, वरच्या पाण्यात तसाच बसून राहतो. नंतर कामटी किंवा जेट घेऊन येणाऱ्या माणसाच्या डोळ्यात तोच उडतो. आणि कॉस्टिकने भागलं नाही म्हणून संडासाचं अॅसिड, त्याने भागलं नाही म्हणून ब्लीच, असं करणारी घरंही मला माहीत आहेत. अॅसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत क्लोरीन म्हणजे चेष्टा नव्हे. जेटिंगवाला यायच्या आदल्या दिवशी मी ग्रुपवर मेसेज टाकला होता: कुणी काहीही ओतलं असेल तर आत्ता सांगा, रागावणार नाही. दोन घरांनी सांगितलं. रागावले नाही, पण ओठ घट्ट मिटून बसावं लागलं.

आता प्रेशर. गच्चीवरच्या टाकीपासून नळ दहा मीटर खाली असेल तर त्या नळाला साधारण एक बार दाब मिळतो. एक बार म्हणजे चौरस सेंटिमीटरला जवळपास एक किलो. जेटिंगचं जे मशीन आलं ते दीडशे बारचं, ट्रॉलीवर बसवलेलं, पेट्रोलवर चालणारं. म्हणजे नळाच्या दीडशे पट. हा आकडा ऐकून लोक खूश झाले. पण गाडी धुण्याचा घरगुती प्रेशर वॉशरसुद्धा शंभर-सव्वाशे बार देतो. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने तोच आणून, त्याला ड्रेनचा बारीक होज लावून, "काकू, हजारांचं काम फुकटात करतो" अशी तयारी दाखवली होती. एका फ्लॅटच्या बाथरूमच्या दोन-तीन इंची पाइपाला ते चालेलही. पण तो वॉशर मिनिटाला सहा-सात लिटर पाणी सोडतो. सहा इंची पाइपात सात लिटर म्हणजे तळाला एक ओघळ. दाब थर कापतो, पण कापलेला थर वाहून न्यायला पाणी लागतं. पाणी कमी पडलं की कापलेलं सगळं दहा फूट पुढे जाऊन पुन्हा बसतं, आणि आधी जिथे तूप होतं तिथे आता तुपाचा चुरा. आलेलं मशीन मिनिटाला वीसेक लिटरचं होतं. मला विचाराल तर हेही सहा इंचीला कमीच, टँकरवरचं मोठं मशीन जास्त योग्य. पण टँकर आमच्या बोळात वळत नाही.

आणि हे पाणी आणायचं कुठून? चाळीस मिनिटं जेट चालला तर आठशे लिटर. पिण्याचं पाणी यासाठी वापरायचं नाही असं मी आधीच ठरवलं होतं. बोअरचं पाणी हजार लिटरच्या टाकीत भरून ठेवलं आणि होज तिथून जोडला. ज्या पाण्याने साका बनवला त्यानेच तो काढला, हा योगायोग मला फार आवडला. बाकी कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे होजच्या टोकाचा नॉझल. पितळी, अंगठ्याएवढा. त्याला पुढे एक बारीक छिद्र आणि मागच्या बाजूला तिरकी छिद्रं. पाणी मागे उडतं म्हणून नॉझल पुढे जातो, न्यूटनचा तिसरा नियम. होज ढकलावा लागत नाही, तो स्वतःच पाइपात शिरतो, माणसाने फक्त धरून ठेवायचा. मागे उडणारं पाणीच पाइपाची भिंत घासतं आणि मळ मागे, म्हणजे जिथून आत गेला तिकडे, ढकलत आणतं.

म्हणूनच जेटिंगवाला वरच्या चेंबरकडे फिरकलाच नाही. सगळे तिथे गोळा झाले होते, कारण पाणी तिथे तुंबलं होतं. त्याने रस्त्याकडचं शेवटचं चेंबर उघडलं, ते कोरडं होतं. मग मागचं, तेही कोरडं. त्यामागचं भरलेलं. "अडकलंय ते या दोघांच्या मधे," असं म्हणून तो कोरड्या चेंबरवर बसला आणि होज तिथून वरच्या दिशेला सोडला. आमचे खजिनदार अस्वस्थ. "अहो, घाण तिकडे आहे, तुम्ही इकडे काय करताय?" तो म्हणाला, "साहेब, वरून मारलं तर सगळं खाली जाऊन घट्ट बसेल. खालून गेलो की घाण माझ्याकडे येते, मी जाळीने काढतो." इतकं नेमकं उत्तर मला बीएडच्या कॉलेजातही कुणी दिलं नव्हतं.

आणि खरंच आली. आधी करडं पाणी, मग पिवळट पांढरे पापुद्रे, मग मुठीएवढे तुकडे. वास असा की बोळातली मांजरं पळाली. चेंबरच्या तोंडाशी त्याने लोखंडी जाळी धरली होती, म्हणजे तुकडे पुढे मेन लाइनमध्ये जाऊन महापालिकेच्या माथी बसणार नाहीत. ते घमेल्यात भरून वेगळे काढले. हे काम न करणारे जेटिंगवाले पुष्कळ आहेत. कोटेशन घेतानाच विचारा.

त्याच्या काही सवयी मी टिपून ठेवल्या. नॉझल पाइपाच्या आत गेल्याशिवाय पंप चालू नाही. होजवर नॉझलपासून मीटरभरावर लाल टेप, ओढताना ती दिसली की पंप बंद, म्हणजे नॉझल पाणी मारत बाहेर येऊन कुणावर फिरणार नाही. या दाबाचं पाणी कातडीतून आत शिरतं. वरून टोचल्याएवढी खूण दिसते, आत मात्र घाण पाणी खोल गेलेलं असतं, आणि अशी जखम घरी धुवून चालत नाही, लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं. त्यात उंदीर-घुशींचं मूत म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराची भीती वेगळी. त्याच्याकडे गमबूट, कोपरापर्यंतचे हातमोजे आणि चष्मा होता. त्याच्या हाताखालच्या मुलाकडे चष्मा नव्हता. माझ्या प्रयोगशाळेतला जुना गॉगल होता तो दिला.

तळमजल्यावरच्या काकूंना मी आधीच सांगून ठेवलं होतं. जेट वर चढत असताना हवा आणि पाणी जवळच्या मोरीतून, संडासातून उसळू शकतं. कमोडचं झाकण बंद, नहाणीवर ओला टॉवेल आणि त्यावर त्यांचा तो पाटा. तरी थोडं उडालंच. काम झाल्यावर प्रत्येक घराने प्रत्येक नहाणीत तांब्याभर पाणी ओतायचं, हेही ग्रुपवर टाकलं. जेटच्या ओढीने ट्रॅपमधलं, म्हणजे नहाणीखाली वास अडवून धरणारं, पाणी निघून जातं आणि गटाराचा वास थेट घरात येतो. ज्यांनी मेसेज वाचला नाही त्यांनी संध्याकाळी "साफ करून वास वाढला" अशी तक्रार केली. ही माणसं पूर्वी वर्गातही शेवटच्या बाकावर बसत असणार.

एक भाग मात्र मी मस्करीत लिहिणार नाही. रस्त्याकडचं शेवटचं चेंबर माणूसभर खोल आहे. जेटिंगच्या आधी एकाने स्वस्तातलं कोटेशन दिलं होतं, त्यात "मुलगा आत उतरून साफ करेल" असं तोंडी सांगितलं. त्याला तिथूनच परत पाठवलं. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने संरक्षणाशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे, उतरवणारी खासगी सोसायटी असली तरी. मृत्यू झाल्यास द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दहा लाख ठरवली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये तीस लाख केली. पण पैशांचं सोडा. चेंबरमध्ये साचणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो, आणि तो वायू वाढला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो, तोच तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. हे कमिटीत सांगितल्यावर कुणी दराची तुलना केली नाही.

लाइन धुवून झाल्यावर कॅमेरा घालून घेतला. हा जादा खर्च खजिनदारांना अजून बोचतो, पण तो नसता तर आम्ही दर दिवाळीला जेटिंगच करत राहिलो असतो. पडद्यावर दिसलं ते असं: दोन सांध्यांमधून उंबराची मुळं केसांसारखी आत आलेली, आणि पार्किंगखाली लाइन मधेच खचलेली. सहा इंची पाइपाला ढोबळमानाने साठ फुटांत एक फूट उतार हवा. आमच्याकडे काही फूट उलटा उतार आहे, तिथे पाणी कायम साचलेलं आणि साका तिथेच धरतो. मुळं दिसल्यावर जेटिंगवाल्याने दुसरा नॉझल लावून ती कापली, पण दाब कमी करून. तडे गेलेल्या चिनीमातीच्या पाइपावर पूर्ण दाब मारला तर पाइपच सुटा होतो आणि मागची माती आत येते. जास्त प्रेशर मागणाऱ्यांना मी हे मुद्दाम स्क्रीनवर दाखवलं.

आता लाइनीचा खचलेला तुकडा खणून पीव्हीसी टाकायचा आहे, पावसाळ्याआधी. सामाईक लाइन असल्याने खर्च सोसायटीचा, हे उपविधीत आहे आणि त्यावर वाद नाही. वाद वेगळाच निघालाय. खणायची जागा नेमकी बी-4 च्या पार्किंगखाली येते, आणि त्यांनी लेखी विचारलंय की तितके दिवस त्यांची गाडी उभी कुठे राहणार. खजिनदारांची जागा रिकामी असते. ती देता का, असं मी त्यांना विचारलंय, उत्तर यायचंय.