सिस्सूच्या डोक्यावरचं गेपांग गाथ तळं

मनालीला जाणारी आपली मंडळी हल्ली अटल टनेल पार करून सिस्सूला जातातच, धबधबा, झिपलाइन, मॅगी, फोटो, आणि संध्याकाळी परत. त्या सिस्सूच्या वर गेपांग गाथ नावाची हिमनदी आहे आणि तिच्या तोंडाशी, 4068 मीटर उंचीवर, एक तळं साचलंय. खालून ते अजिबात दिसत नाही. सॅटेलाइट फोटोत मात्र दिसतं, दुधाळ निळं, लांबट, एका टोकाला बर्फाची कड थेट पाण्यात उतरलेली. इस्रोने 2024 मध्ये आकडे दिले, 1989 ला हे तळं 36.49 हेक्टर होतं आणि 2022 ला 101.30 हेक्टर. म्हणजे जवळपास पावणेतीनपट.

मी गेले बरेच महिने फावल्या वेळात क्यूजीआयएस हे नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर उघडून हेच बघत बसतो. लँडसॅट या अमेरिकी सॅटेलाइटच्या जुन्या फोटोंचं भांडार 2008 पासून सगळ्यांना फुकट आहे, युरोपच्या सेंटिनल-2 सॅटेलाइटचे 2015 नंतरचे फोटोही फुकट आहेत, घरचा साधा लॅपटॉप पुरतो. फोटो निवडायचा तो सप्टेंबर संपताना किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीचा, कारण तेव्हा मागच्या हिवाळ्यातला बर्फ वितळून गेलेला असतो, नवा पडलेला नसतो आणि ढगही कमी. मार्चचा फोटो घेतलात तर सगळा डोंगरच हिमनदी वाटेल.

मग बर्फ वेगळा काढायचा. बर्फ हिरव्या प्रकाशात लख्ख चमकतो आणि शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या पण सॅटेलाइट टिपतं अशा प्रकाशात, जवळजवळ काळा पडतो, ढग बहुतेक दोन्हीत पांढरेच राहतात, म्हणून हिरव्यातून शॉर्टवेव्ह वजा करा, दोघांच्या बेरजेने भागा, उत्तर 0.4 च्या वर आलं की साधारण बर्फ समजा. याला एनडीएसआय, म्हणजे बर्फ ओळखायचा निर्देशांक, म्हणतात. पण गंमत अशी की तळ्याचं पाणीही या गणितात बर्फासारखंच येतं! नुसता हा आकडा लावला तर तळं हिमनदीतच धरलं जातं आणि हिमनदी मागे सरकलीच नाही असं दिसतं. त्यासाठी निअर इन्फ्रारेड, म्हणजे लाल रंगाच्या लगतचा न दिसणारा प्रकाश, बघायचा, तिथे बर्फ उजळ आणि पाणी काळं. आणि उलटी फसगत दगडगोट्यांची. हिमालयात कितीतरी हिमनद्यांचा खालचा भाग दगड-मातीने झाकलेला असतो, खाली जाड बर्फ असतो पण सॅटेलाइटला वरचे दगडच दिसतात. तिथे कॉम्प्युटरवर विसंबून चालत नाही, उताराचा नकाशा शेजारी ठेवून हाताने कड काढावी लागते.

अजून एक. गंगोत्रीचं गोमुख वर्षाला साधारण 20 मीटर मागे जातं असं म्हणतात, लँडसॅटच्या फोटोतला एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, 30 मीटरचा. म्हणजे गेल्या वर्षीचा आणि या वर्षीचा फोटो शेजारी ठेवून "बघा किती वितळलं" म्हणण्यात काहीच अर्थ नाही, तरी सोशल मीडियावर असे फोटो रोज फिरतात. दहा-वीस वर्षांचं अंतर ठेवलं की खरी चाल कळते. आणि क्षेत्रफळ सांगतं तेवढंच खरं असंही नाही, हिमनदी जागेवर राहून आतून बारीक होत असते. त्यासाठी उंचीचे नकाशे लागतात, किंवा प्रत्यक्ष तिथे जाऊन बर्फात बांबू रोवून वर्षभरात किती उघडा पडला ते मोजावं लागतं. आपल्या गोव्यात वास्कोला असलेली एनसीपीओआर ही ध्रुवीय प्रदेश आणि समुद्राचा अभ्यास करणारी संस्था स्पितीत 13,500 फुटांवर 2016 पासून 'हिमांश' नावाचं केंद्र चालवते, समुद्रकाठची माणसं तिथे जाऊन बर्फ मोजतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण मला सगळ्यात जास्त काळजी तळ्यांचीच. सिक्कीमचं साउथ ल्होनाक हे हिमनदीचं तळं आठवतंय ना? 28 सप्टेंबर 2023 ला ते 167.4 हेक्टर होतं आणि 4 ऑक्टोबरला 60.3. काठावरचा मोरेनचा, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगड-मातीचा, गोठलेला उतार रात्रीत तळ्यात कोसळला, लाट उसळली, बांध फुटला आणि खाली चुंगथांगचं 1200 मेगावॉट प्रकल्पाचं धरण वाहून गेलं, कित्येक माणसं गेली. ते तळं वाढतंय आणि धोक्याचं आहे हे अभ्यासक आधीपासून सांगत होते. ढगांतून आरपार बघणाऱ्या रडार सॅटेलाइटने दुसऱ्या दिवशी रिकामं झालेलं तळंही टिपलं. पण सॅटेलाइट काही दिवसांनी एकदा वरून जातं, पाणी मात्र काही तासांतच खाली येतं. कुठल्या तळ्यावर लक्ष ठेवायचं ते फोटो सांगतात, भोंगा मात्र जागेवरच बसवावा लागतो, पाण्याची पातळी मोजणारं यंत्र आणि गावापर्यंत पोचणारा सायरन.

इस्रोच्या त्याच पाहणीत हिमालयातली 10 हेक्टरपेक्षा मोठी 2431 तळी आहेत, त्यातली 676 तळी 1984 पासून चांगलीच वाढलीत आणि त्यातली 130 भारतात आहेत. सिस्सूला नवं हॉटेल, नवा होमस्टे बांधायची परवानगी देताना गेपांग गाथचा नकाशा टेबलावर असलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. पुढच्या वेळी चंद्रतालजवळची समुद्र टापू हिमनदी घेतो, तिच्याही तोंडाशी तळं आहे. कोणाला सोबत करून बघायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा, बँड, म्हणजे प्रकाशाचे हे वेगवेगळे पट्टे, कसे लावायचे ते स्क्रीनशॉटसकट टाकतो.